दोरा की तुरा? चुन्याच्या नळीतली व्हर्मेटिड आणि स्पायरॉर्बिड कसे ओळखायचे

समुद्री टँक, म्हणजे घरातलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, सुरू होऊन पाच-सहा महिने झाले की मागच्या काचेवर, रिटर्न पंपाच्या (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत ढकलणाऱ्या पंपाच्या) अंगावर आणि दगडांच्या सावलीतल्या बाजूला पांढरे ठिपके, बारीक नळ्या दिसायला लागतात. नखाने खरवडलं की कळतं, हे शेवाळ नाही, चुन्याचं टणक कवच आहे. इथून पुढे दोन चुका सर्रास होतात. कोणी घाबरून निरुपद्रवी किडे ब्लेडने काढत बसतं. कोणी "पाणीच गाळतायत, गाळू देत" म्हणून वर्षभर तिकडे बघत नाही, आणि मग एके दिवशी अ‍ॅक्रोपोरा या फांदीदार कोरलवर (प्रवाळावर) चिकट जाळं पसरलेलं सापडतं. नळी दोन्हीकडे चुन्याचीच असते, पण आत राहणारे प्राणी एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

स्पायरॉर्बिड हा वलयी संघातला कृमी, म्हणजे गांडुळाच्या आणि ब्रिसलवर्म या केसाळ समुद्री किड्याच्या लांबच्या नात्यातला. व्हर्मेटिड ही मृदुकाय संघातली गोगलगाय. पिल्लू असताना तिला नेहमीसारखा वळणदार शंख असतो. मग ती एका जागी चिकटते आणि तिथून पुढे शंखाऐवजी वेडीवाकडी नळी बांधत जाते. एकदा चिकटली की जागा सोडून चालणं संपलं. बसल्या जागी खायचं म्हणून दोघांनी नळी आणि गाळून खाणं हाच मार्ग धरला, आणि त्यामुळेच आपली फसगत होते.

ओळख पटवायची तर नळीच्या तोंडातून काय बाहेर येतं ते आधी बघा. स्पायरॉर्बिड पिसांचा छोटा तुरा उघडतो. सात-आठ बारीक पिसं, बहुतेक वेळा पांढरट, कधी नारिंगी झाक असलेली. व्हर्मेटिड तुरा कधीच काढत नाही. तिच्या पायाजवळच्या ग्रंथीतून चिकट दोरा सुटतो, तो पाण्यात तरंगतो, त्याला अन्नाचे कण चिकटतात आणि मग ती दोऱ्यासकट सगळं आत ओढून गिळते. शेजारी-शेजारी पाच-सहा असल्या की दोरे एकमेकांत गुंतून कोळिष्टक तयार होतं.

हे दिवसा, पंप चालू असताना दिसत नाही, आणि बरेच जण इथेच कंटाळून अंदाजावर निकाल देतात. रीत अशी. रात्री टँकचे दिवे बंद होऊन अर्धा-एक तास होऊ द्या. खोलीतला दिवाही घालवा. सर्क्युलेशन पंप आणि रिटर्न बंद करा. दहा-पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही, फक्त सम्पमध्ये (टँकखालच्या गाळणीच्या टाकीत) परत येणाऱ्या पाण्याला जागा आहे ना ते आधी बघून ठेवा. फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमियाचा (माशांना घालतात त्या गोठवलेल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांचा) छोटा तुकडा टँकच्याच पाण्यात विरघळवा आणि त्यातलं दोन-तीन मिलिलिटर गढूळ पाणी सिरिंजने संशयित जागेच्या वर, पाचेक सेंटीमीटरवरून सोडा. थेट तोंडावर मारू नका, दोघंही आत दडतात. आता टॉर्च समोरून न धरता बाजूने, काचेला लागून आडवी धरा. आडव्या उजेडात दोरा चमकतो. समोरच्या उजेडात तो अजिबात दिसत नाही. पाच ते पंधरा मिनिटांत निकाल लागतो. जवाहिऱ्याचं दहापट भिंग काचेवर टेकवून बघता येतं, पण ते जवळचंच दाखवतं. जाड काचेपलीकडे दोन-तीन सेंटीमीटर आत असलेल्या दगडासाठी मोबाइलने व्हिडिओ काढून तो मोठा करून बघणं सोपं जातं.

तुरा दिसला तर टॉर्चसमोर बोट आडवं न्या. सावली पडताच तुरा क्षणात गायब होतो, डोळ्याला मधली हालचाल कळतही नाही. व्हर्मेटिडसुद्धा आत जाते, पण गोगलगायीच्या चालीने. शिवाय तिला डोक्यावर दोन शिंगं असतात आणि तोंडाच्या खाली पायाची आणखी दोन. आत जाताना ती पायाचं बूच नळीत ओढून घेते. बऱ्याच जातींत त्या बुचावर तांबूस-तपकिरी, शिंगासारख्या पदार्थाची चकती दिसते. स्पायरॉर्बिडचं झाकण वेगळं. तुऱ्यातलंच एक पीस बदलून त्याचं देठावरचं टोपण झालेलं असतं.

आता नळी. हिच्यावरून अंदाज येतो, खात्री येत नाही. स्पायरॉर्बिडची नळी स्वतःभोवती चपटी गुंडाळलेली, पृष्ठभागाला पूर्ण चिकटलेली, एक ते तीन मिलिमीटर व्यासाची, पांढरीशुभ्र. वेटोळं डावीकडे वळलंय की उजवीकडे यावरून काही ठरवू नका, दोन्ही प्रकारच्या जाती आहेत. टँकमध्ये सर्वाधिक त्रास देणारी छोटी व्हर्मेटिड जांभळट किंवा तपकिरी असते. तिची नळी दगडाला धरून थोडी सरपटते आणि मग टोक वर उचलते, एखाद्या सेंटीमीटरचा उभा काटा. तोंड एक-दोन मिलिमीटरचं, कडा धारदार. दगड हलवताना बोटाला बारीक चिरा पडत असतील तर कारण बहुधा हेच. मोठ्या जातींच्या नळ्या बोटभर लांब होतात आणि एखादीच असली तरी तिचं जाळं तळहाताएवढ्या जागेत पसरतं.

घोटाळा होतो तो तीन ठिकाणी. नुकतंच चिकटलेलं व्हर्मेटिडचं पिल्लूही एक मिलिमीटरचं वेटोळंच असतं. फरक इतकाच की ते शंखासारखं उंचवट्याचं, तपकिरी असतं आणि दोन-तीन आठवड्यांत त्यातून सरळ नळी बाहेर पडते. उलट, दाटीवाटीने वाढलेल्या स्पायरॉर्बिडचं शेवटचं वेटोळं जागा न मिळाल्याने वर उचललं जातं आणि ते व्हर्मेटिड वाटतं. तिसरं म्हणजे जुन्या रिकाम्या नळ्या. व्हर्मेटिड मेली तरी नळी वर्षानुवर्षं राहते, तिच्यावर कोरलाइन नावाचं चुनखडी शेवाळ चढून ती गुलाबी होते आणि आत अ‍ॅम्फिपॉड (कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव) मुक्काम टाकतात. दोन रात्री खाऊ घालूनही ना दोरा ना तुरा, तर ती नळी रिकामी समजायला हरकत नाही.

तुटलेला तुकडा हाताशी असेल तर आणखी एक पुरावा मिळतो. व्हर्मेटिडच्या नळीचा आतला भाग शंखासारखा गुळगुळीत, चकचकीत असतो. कृमीची नळी आतूनही निस्तेज, खडूसारखी. मेलेल्या नळीवर हाच एक पुरावा चालतो.

सरळ किंवा नागमोडी, दोन-चार सेंटीमीटर लांब पांढरी नळी आणि तिच्या तोंडाशी लाल-पांढरा तुरा दिसला तर ते स्पायरॉर्बिडचेच मोठे भाऊबंद, सर्प्युलिड. कोकणात खडकावरून काढलेल्या कालवांच्या शिंपल्यांवर असे नळे पुष्कळदा दिसतात, आणि बंदरात उभ्या नौकांच्या तळाला त्यांचे थर चढतात. टँकमध्ये ते त्रास देत नाहीत.

व्हर्मेटिड नेमकं काय बिघडवते? तिचे दोरे कोरलच्या अंगावर पडतात, त्यात कचरा अडकतो, पॉलिप (कोरलचे फुलासारखे बारीक जीव) मिटलेले राहतात आणि त्या भागाची वाढ खुंटते. हा केवळ हौशी लोकांचा समज नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटाजवळ केलेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका मोठ्या व्हर्मेटिडच्या सान्निध्यात कोरलच्या सांगाड्याची वाढ 81 टक्क्यांपर्यंत आणि जगण्याचं प्रमाण 52 टक्क्यांपर्यंत घटल्याचं आढळलं. सगळ्या जातींच्या कोरलवर परिणाम सारखा नव्हता. तेव्हा त्या व्हर्मेटिडचं नाव डेन्ड्रोपोमा मॅक्सिमम होतं, आता सेरेसिग्नम मॅक्सिमम. जुन्या लिखाणात शोधताना पहिलं नाव लागतं. टँकमधल्या छोट्या जाती एकेकट्या इतक्या घातक नाहीत. त्यांचं बळ संख्येत आहे. मादी अंड्यांच्या पिशव्या नळीतच सांभाळते, बऱ्याच जातींची पिल्लं बाहेर पडली की लगेच जवळपास चिकटतात, आणि म्हणून एकाच दगडावर वसाहत दिसते. नर शुक्राणूंच्या पुड्या पाण्यात सोडतो आणि त्या मादीच्या जाळ्यात येऊन अडकतात. खाण्याचं जाळं पुनरुत्पादनालाही कामी येतं, ही सोय मान्य करावीच लागेल.

काढताना घाई नडते. वीस-पंचवीसपर्यंत असतील तर एकेकीचा बंदोबस्त करता येतो. दगड बाहेर काढता येत असेल तर टँकचं पाणी भरलेल्या वेगळ्या बादलीत धरून बोन कटरने (कोरल कापायच्या मजबूत कात्रीने) नळी बुडाशी मोडा, आतला मऊ भाग चिमट्याने उपसा, ब्रशने घासा आणि ते पाणी टाकून द्या, परत टँकमध्ये ओतू नका. टँकमध्येच मोडली तर तुकड्यांबरोबर अंड्यांच्या पिशव्याही सुटू शकतात; नाइलाज असेल तर मोडताना शेजारी सहा मिलिमीटरची एअरलाइन नळी धरून सगळं सायफनने ओढून घ्या. वरची निम्मी नळी मोडून उपयोग नाही. प्राणी खोल दडतो आणि नळी पुन्हा बांधतो.

दगड हलत नसेल तर सुपरग्लू जेल. पातळ सुपरग्लू नको, तो पाण्यात पापुद्रा होऊन तरंगतो. आधी पंप बंद करा. ट्यूबच्या टोकाला वाटाण्याहून लहान थेंब काढा, तो नळीच्या तोंडावर दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. थेंबाने तोंडाबरोबर बाहेरची कडाही झाकली पाहिजे. नुसत्या तोंडावर चिकटलेला थेंब आठवडाभरात सुटतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची लापशीही वापरतात, पण एका दिवसात खूप जागी लावली तर पीएच झपाट्याने वर जातो. जेल त्यापेक्षा निर्धोक. हातमोजे आणि चश्मा दोन्ही घाला. तुकडे उडतात हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याच दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ हे मऊ, बटणासारखे जीव असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष जखमेतून किंवा डोळ्यात जाणं ही गंमत नव्हे.

शेकडो झाल्या असतील तर आधी त्यांचं ताट काढून घ्या. कोरलसाठी म्हणून टाकलेली पावडर आणि फायटोप्लँक्टन (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) सगळ्यात आधी व्हर्मेटिडच्या पोटात जातं. ते दोन-तीन महिने थांबवा, फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन द्या, 200 मायक्रॉनचा फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) दर दोन-तीन दिवसांनी बदला. वसाहत मरत नाही, पण फैलाव मंदावतो आणि मग एकेक दगड घेऊन वरचं काम करता येतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची बंबलबी गोगलगाय त्यांना खाते म्हणून विकली जाते. काही टँकमध्ये ती कामाला येते, बऱ्याच टँकमध्ये येत नाही. तिच्या भरवशावर जेल बाजूला ठेवू नये.

आत येतात कुठून, हा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, त्यामुळे मालवणच्या किंवा रामेश्वरमच्या समुद्रातून प्रवाळाचा दगड उचलणं गुन्हा आहे. कोरडा किंवा कृत्रिम दगड वापरला तर त्यावर काही जिवंत येत नाही. पाहुणे येतात ते फ्रॅगच्या (विकत आणलेल्या कोरलच्या छोट्या तुकड्याच्या) प्लगवरून, म्हणजे तो चिकटवलेल्या बैठकीवरून, आणि काच साफ करणाऱ्या गोगलगायींच्या शंखांवरून. ही मंडळी प्रवासाला पक्की आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ बेटाजवळ 2009 साली मुद्दाम बुडवलेल्या व्हॅन्डेनबर्ग जहाजावर व्हर्मेटिडची अशी एक नवी जात सापडली, जिचे नातेवाईक पॅसिफिकमध्ये आहेत. 2017 मध्ये तिला थायलॅकोडिस व्हॅन्डिएन्सिस हे नाव मिळालं.

नवीन फ्रॅग आला की आयोडीनच्या किंवा इतर कोरल डिपवर (कोरल बुडवायच्या औषधी द्रावणावर) विसंबू नका. बूच लावून नळीत बसलेल्या व्हर्मेटिडपर्यंत ते औषध पोहोचत नाही. कोरल प्लगवरून कापून नव्या प्लगवर चिकटवा आणि जुना प्लग फेका. कोरल पसरून प्लगला वेढून बसलं असेल तर प्लगची खालची बाजू आणि देठ भिंगाखाली बघा. मग चार ते सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून दर आठवड्याला वरची रात्रीची तपासणी करा.

स्पायरॉर्बिडचं काम त्या मानाने किरकोळ. नव्या टँकमध्ये त्यांची एकदम लाट येते, कारण ते उभयलिंगी असतात, पिल्लं अंगावर वाढवतात आणि सुटलेलं पिल्लू काही तासांतच चिकटतं. पाण्यातले कण कमी झाले की लाट ओसरते. गोगलगायीच्या शंखावरचे ठिपके तसेच राहू द्या. दर्शनी काचेवरचे स्टीलच्या ब्लेडने निघतात. अ‍ॅक्रिलिकच्या टँकला मात्र प्लास्टिकचंच ब्लेड.

खरा त्रास यंत्रांना. इम्पेलरभोवती (पंपातल्या फिरत्या पात्यांभोवती) थर चढला की पंप खरखरतो, प्रवाह घटतो, आणि ऑटो टॉप-ऑफच्या (आटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या) फ्लोटवर चढला तर फ्लोट अडकून टँकमध्ये गोडं पाणी वाहत राहतं. दर तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हाइट व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन त्यात तास-दोन तास बुडवा. बुडबुडे येतात तो विरघळणारा चुना. मग टूथब्रशने घासून साध्या पाण्यात धुवा. हीटरवरचा थरही असाच जातो, पण हीटर बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच निवू द्या. गरम काच तशीच बाहेर काढली तर तडकते.