ली-एन्फिल्ड रायफल : वारशात आलेल्या शस्त्राची ओळख व मूल्य

ली-एन्फिल्ड ही ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांची सुमारे साठ वर्षे मुख्य असलेली, हाताने बोल्ट मागे-पुढे करून चालवायची रायफल. तिच्या मॅगझीनमध्ये .३०३ इंच व्यासाची दहा काडतुसे मावतात. भारतात ती ‘थ्री नॉट थ्री’ याच नावाने ओळखली जाते. बोल्ट व मॅगझीनची रचना जेम्स पॅरिस ली यांची, तर नळीतील पेचदार खाचा लंडनजवळच्या एन्फिल्ड येथील सरकारी कारखान्याच्या. दोघांची नावे जोडून १८९५ मध्ये ती सैन्यात दाखल झाली. १८५७ च्या उठावाशी जोडली गेलेली एन्फिल्ड ही तोंडाकडून भरायची वेगळी बंदूक होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो ली-एन्फिल्ड निकाली निघाल्या आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातील घरांत पोहोचल्या. त्या विकत घेणारी पिढी आता गेली किंवा जात आहे. त्यामुळे कपाटामागे सापडलेली रायफल नेमकी कोणती आणि तिचे मोल काय, हा प्रश्न वारसांपुढे येतो.

ओळख पटवण्याआधी दोन कामे. मॅगझीन काढून, बोल्ट उघडून नळीच्या मागच्या खोलीत काडतूस नाही ना, हे डोळ्यांनी व बोटानेही पाहावे. दुसरे काम कायद्याचे. ब्रिटनमध्ये प्रमाणपत्राशिवाय चालू स्थितीतील रायफल ताब्यात ठेवणे हा गुन्हा आहे आणि मृत्युपत्रात ती तुमच्या नावे लिहिली असली तरी त्यात फरक पडत नाही. ती पोलिसांकडे किंवा नोंदणीकृत विक्रेत्याकडे ठेवून मगच पुढचे बघायचे. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. तिथल्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र ‘प्राचीन’ ठरते. त्यामुळे शरीरावर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावर, १८९८ साल असलेली लांब ली-एन्फिल्ड आणि १९०० साल असलेली तिची सख्खी बहीण यांना कागदोपत्री वेगवेगळी वागणूक मिळते.

ओळखीची सुरुवात दस्ता जिथे लोखंडात बसतो त्या कॉलरपासून करावी. १९०४ पासूनच्या आखूड नमुन्यात उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि मार्क (म्हणजे आवृत्तीचा क्रमांक) असे एकाखाली एक ठोकलेले असते. ‘ईआर’ म्हणजे सातवा एडवर्ड, ‘जीआर’ म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज. मार्क ३ हा १९०७ चा. पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून त्यातील लांब पल्ल्याची नेमपट्टी व मॅगझीन बंद करणारी पट्टी गाळली गेली आणि तारांकित मार्क ३ आला. १९२६ मध्ये नावांची पद्धत बदलून हीच रायफल ‘नंबर १’ झाली. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ चे ठसे मात्र डाव्या बाजूला शोधावे लागतात. तिथे कधी कारखान्याच्या नावाऐवजी संकेत असतो : ‘एम’ म्हणजे इंग्लंडचा मध्य भाग, ‘एन’ उत्तर, ‘एस’ दक्षिण. ‘एम ४७ सी’ हा बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली येथील बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीचा संकेत. कॅनडातील लाँग ब्रँच कारखान्याच्या क्रमांकात ‘एल’ हे अक्षर येते. अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीच्या क्रमांकात ‘सी’ येते, शिवाय त्यावर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असे लिहिलेले असते. हे शब्द वाचून ‘आजोबा अमेरिकी सैन्यात ही वापरत होते’ असा समज होतो. प्रत्यक्षात ब्रिटनला युद्धकाळात उधारीवर दिलेल्या मालावरचा तो मालकीचा शिक्का आहे.

यानंतर येतो क्रमांकांचा मेळ आणि किमतीचा मोठा भाग इथेच ठरतो. जुन्या नमुन्यात एकच क्रमांक शरीरावर, नळीवर, बोल्टच्या मुठीमागे, मागच्या नेमपट्टीखाली, पुढच्या लाकडाच्या टोकाशी आणि तोंडावरच्या लोखंडी टोपीवर असायला हवा. बोल्ट त्या त्या शरीराला हाताने घासून बसवलेला असे, म्हणून दुसऱ्याच क्रमांकाचा बोल्ट हा संग्राहकासाठी उणेपणा आणि वापरणाऱ्यासाठी धोका असतो. अशी रायफल बंदूकदुरुस्ती जाणणाऱ्याने मोजमाप केल्याशिवाय झाडू नये. खोडून पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला की लोक लगेच लबाडीचा संशय घेतात, पण तो प्रत्येक वेळी खरा नसतो. ‘एफटीआर’ ही अक्षरे व साल असेल तर कारखान्याने ती संपूर्ण खोलून दुरुस्त केली आहे आणि नवा क्रमांक अधिकृत आहे. ‘डीपी’ म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशा कित्येक रायफली मुद्दाम निकामी किंवा कमकुवत केलेल्या असतात, त्यांची किंमत शोभेच्या वस्तूइतकीच धरावी. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसले तर सरकारने ती रीतसर विकून टाकली.

घरची आख्यायिका आणि लोखंडावरचे ठसे यांचे जमत नसेल तर ठशांवर विश्वास ठेवावा. सर्वात जास्त ऐकू येणारी कथा ‘युद्धावरून परत येताना आणली’ ही. पण नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे व्यापारी शिक्के आणि ‘इंग्लंड’ हा शब्द असेल, तर ती निर्यातीच्या मालातून आली आहे. अमेरिकेत पन्नाशी-साठीच्या दशकांत टपालाने मागवून अशा रायफली अत्यंत स्वस्तात मिळत. १९६८ च्या कायद्याने लष्करी मालाची आयात थांबली आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा सुरू झाली. त्यानंतर आलेल्या रायफलवर आयातदाराचे नाव-गाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. असा छाप नसलेली रायफल थोडी महाग जाते. सैनिकाने खरोखर आणली असेल आणि त्याचा युद्धकाळातील कागद सोबत असेल तर जास्तच, पण कागदाविना कथेला बाजारात पैसे मिळत नाहीत.

त्या स्वस्ताईनेच मोठे नुकसान केले. हरणाच्या शिकारीसाठी लोकांनी पुढचे लाकूड कापले, नळी आखूड केली, दस्ता घासून चकचकीत केला. अशी कापलेली रायफल चांगली झाडत असली तरी मूळ रूपातील रायफलच्या किमतीचा लहानसा हिस्साच तिला मिळतो आणि सुटे भाग जमवून ती पूर्वपदावर आणण्याचा खर्च सहसा वसूल होत नाही. वारसांकडूनही हीच चूक वेगळ्या रीतीने होते. रायफल ‘नीट दिसावी’ म्हणून सँडपेपर मारला की लाकडातील निरीक्षकांचे शिक्के जातात, पॉलिश केली की लोखंडाचा मूळ रंग जातो. तेलाच्या फडक्याने गंज पुसण्यापलीकडे काहीही करू नये. नळीचे आतले आरोग्य मात्र तपासून घ्यावे. जुन्या काडतुसांच्या बुडावरील, दारू पेटवणाऱ्या टोपीतील क्षार हवेतला ओलावा ओढून घेत, म्हणून सैनिक गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत. ज्यांनी हे टाळले त्यांच्या नळ्या आतून खड्डे पडलेल्या निघतात.

सर्वात महाग आणि म्हणून सर्वात जास्त नकला होणारी म्हणजे नेमबाजांची ‘नंबर ४ (टी)’. नेम चांगला लागणाऱ्या निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवून त्यांवर नंबर ३२ दुर्बीण बसवली जाई. खऱ्या रायफलच्या डाव्या बाजूला ‘टी’, दस्त्याच्या खालच्या अंगाला ‘एस ५१’ आणि दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक असतो, तर दुर्बिणीच्या कंसावर रायफलचा. दोन्ही क्रमांक जुळले तर साध्या रायफलच्या कित्येक पट रक्कम मिळते, दुर्बीण हरवली असेल तर खूपच कमी. आखूड ‘नंबर ५’ चेही तसेच : वजन कमी करण्यासाठी शरीर व नळीच्या मुळाशी कोरलेल्या खाचा पाहाव्यात. केवळ पुढे ज्वाळा झाकणारे नरसाळे लावलेली नंबर ४ म्हणजे नंबर ५ नव्हे.

एका वर्गाची ओळख पटवताना हसू येते. पाकिस्तानातील पेशावरच्या दक्षिणेकडील दर्रा आदमखेल येथील कारागीर हातोडी-कानसीने हुबेहूब नकला करत. ठसेही ते चित्र म्हणूनच उतरवत, त्यामुळे ‘एन्फिल्ड’मधील इंग्रजी ‘एन’ उलटा होतो किंवा १९०१ मध्ये वारलेल्या व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे १९१९ सालाच्या डोक्यावर बसतात. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी अशा बऱ्याच आणल्या. भिंतीवर टांगायला त्या मजेदार आहेत, झाडायला मुळीच नाहीत.

भारतीय रायफली कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्याच्या. इंग्रजी अमदानीत त्यांवर ‘जीआरआय’ हा सम्राटाचा छाप असे, प्रजासत्ताकानंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. साठच्या दशकात इशापूरने याच आकृतीत ७.६२ मिमी काडतुसाची ‘२ए’ व ‘२ए१’ बनवली. दिसायला ती जुन्या .३०३ सारखीच, पण मॅगझीन चौकोनी व बारा काडतुसांचे. बाहेरच्या रूपावरून काडतूस ठरवण्याचा मोह इथे महागात पडेल. पोलीस व तुरुंगरक्षकांसाठी .४१० छऱ्याच्या, एकेक बार भरायच्या मस्केटी .३०३ वरूनच केल्या गेल्या. त्यांच्या मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा असतो. रायफलसोबत जुन्या काडतुसांचा डबा मिळाला आणि बुडावर ‘केएफ’ अक्षरे दिसली तर ती पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची. इतकी जुनी काडतुसे झाडण्यापेक्षा संग्राहकाला दिलेली बरी.

खुद्द भारतात .३०३ हा निषिद्ध व्यास आहे, त्यामुळे सामान्य घराच्या वारशात ती क्वचितच येते. पोलिसांकडे ती फार काळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांच्या स्वयंचलित रायफलींसमोर .३०३ च होती. घराघरांत आढळते ती इशापूरचीच .३१५ शिकारी रायफल. तिचा बोल्ट ली-एन्फिल्डचा, पण लष्करी काडतूस न चालणारी म्हणून परवान्यावर मिळणारी. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला वारशाची धरून दोनच शस्त्रे ठेवता येतात. म्हणून इथे किंमत ठरवताना ठशांइतकाच विचार गावात परवाना हाती असलेला गिऱ्हाईक आहे का, याचा करावा लागतो.