डिशवॉशरमधील गढूळता संवेदक

भांडी किती खरकटी आहेत याचा अंदाज घेऊन धुलाईचा वेळ, पाणी व तापमान ठरविण्यासाठी डिशवॉशरमध्ये बसविलेले प्रकाशीय उपकरण. यंत्रावर ‘ऑटो’ किंवा ‘सेन्सर’ या नावाने दिलेला धुलाईक्रम बहुधा याच उपकरणाच्या मापनावर चालतो. हा संवेदक भांडी पाहत नाही, भांड्यांवरून उतरलेले पाणी पाहतो; त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा दोन्ही येथूनच निघतात.

यंत्राच्या तळाशी फिरते पाणी जमा होते, तेथे किंवा पंपाजवळच्या मार्गात पारदर्शक प्लास्टिकची दोन बोटे समोरासमोर असतात. एकात अवरक्त प्रकाश देणारा एलईडी आणि दुसऱ्यात तो प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर असून मधल्या फटीतून पाणी वाहते. स्टार्चचे कण व तेलाचे सूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात, त्यामुळे पलीकडे पोचणारा प्रकाश घटतो. काही संवेदक काटकोनात विखुरलेला प्रकाशही मोजतात. अवरक्त प्रकाशाची निवड विचारपूर्वक केलेली आहे : चहाने रंगलेले पाणी डोळ्यांना गडद दिसले, तरी त्यात कण नसतील तर हा प्रकाश त्यातून बराचसा आरपार जातो. पाण्याची गढूळता मोजण्याच्या आयएसओ ७०२७ या मानकातही ८६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा, म्हणजे अवरक्तच, प्रकाश वापरला जातो.

एलईडी कालांतराने मंदावतो आणि प्लास्टिकवर क्षारांचा पातळ थर चढतो. म्हणून नुसता आकडा विश्वासार्ह नसतो. स्वच्छ पाण्यातील, बहुधा शेवटच्या विसळणीतील, मापन आधाराला धरून त्याच्याशी तुलना केली जाते.

पहिल्या फवारणीनंतर काही वेळाने पाणी तपासले जाते. हवेचे बुडबुडेही खरकट्याप्रमाणेच प्रकाश विखुरत असल्यामुळे, त्यापूर्वी पंप थांबवून किंवा मंद करून ते विरू द्यावे लागतात. पाणी पुरेसे नितळ असेल, तर तेच मुख्य धुलाईसाठी ठेवले जाते व एक भरणा वाचतो. गढूळ असेल, तर ते सोडून नवे घेतले जाते आणि तापमान किंवा कालावधी वाढविला जातो. एका मापनापेक्षा मापनांचा कल अधिक बोलका असतो. गढूळता वाढतच असेल तर मळ अजून सुटतो आहे, आणि ती स्थिरावली तर सुटण्याजोगा मळ सुटला, असे मानले जाते. डिटर्जंट मिसळल्यावर तो स्वतःच पाणी गढूळ करतो, म्हणून मुख्य निर्णय त्याआधीच्या मापनावर घेणे सोयीचे ठरते.

पातेल्याच्या बुडाशी करपून चिकटलेला थर पाण्यात उतरतच नाही, म्हणून संवेदकाला तो दिसत नाही. भांडी आधी नळाखाली विसळून ठेवली, तर हीच अडचण वाढते : सैल खरकटे निघून जाते, चिवट थर राहतो, आणि नितळ पाणी पाहून यंत्र नेमका सौम्य धुलाईक्रम निवडते. त्यामुळे मोठे तुकडे काढून टाकावेत, पण भांडी विसळू नयेत, हा सल्ला अशा यंत्रांना विशेष लागू पडतो. पूर्ण विरघळलेले मीठ वा साखर प्रकाश फारशी विखुरत नाही. मिठासारखे क्षार ओळखण्यासाठी काही यंत्रांत विद्युतवाहकता मोजण्याची जोड दिलेली असते, मात्र साखर त्या मापनातूनही निसटते.