चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी : कोणतं ध्वनिमुद्रण घरी न्यावं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कप्प्यात या एकाच सिंफनीच्या इतक्या एलपी आणि सीडी आहेत, की पहिल्यांदा घेणारा गोंधळून जातो आणि शेवटी कव्हर किंवा किंमत बघून काहीतरी उचलतो. तसं करू नका. स्वरलेखन सगळ्यांसमोर तेच असतं, पण एका कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या, हातात शेवटचा भाग दहा मिनिटांच्या आत संपतो आणि दुसऱ्याच्या हातात सतरा मिनिटांहून जास्त चालतो. त्या दोन तबकड्यांतून ऐकू येणारं दुःख एकाच जातीचं नसतं. आपल्याला कोणतं हवंय, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हे पत्रक.

आधी थोडी ओळख

रशियन संगीतकार प्योत्र इलिच चायकोव्हस्की यांनी ही सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, १८९३ मध्ये लिहिली आणि पुतण्याला नव्हे, भाच्याला, व्लादिमीर दाविदोवला अर्पण केली. (काही जुन्या कव्हरांवर ‘नेफ्यू’चं भाषांतर चुकतं, म्हणून सांगितलं.) २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गला तिचा पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंद त्यांनी स्वतः चालवला. त्यानंतर नऊच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, ते गेले. त्यामुळे ‘पाथेतीक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेला मृत्युपत्रासारखं ऐकायची सवय लोकांना लागली, आणि पुष्कळ कंडक्टरांनाही. आमचं मत असं, की ती गोष्ट बाजूला ठेवून ऐकलं तर संगीत जास्त बोलतं. रचना इतकी नेटकी बांधलेली आहे, की तिला बाहेरच्या कथेचा टेकू लागत नाही.

चार भाग आहेत. नेहमीच्या सिंफनीत शेवट जोरात, उजेडात होतो. इथे तो जल्लोष तिसऱ्या भागातच होऊन जातो. त्या कूचगीताच्या अखेरीस सगळा वाद्यवृंद इतका उसळतो, की सभागृहात लोक हमखास टाळ्या वाजवतात. मग येतो खरा शेवट, संथ आणि विलापाचा, जो चेलो आणि डबल बासच्या खोल स्वरांत विरत जातो.

तुलना करताना कान कुठे लावायचा

सगळी सिंफनी चार-पाच वेळा ऐकून तुलना करायची गरज नाही. तीन जागा पुरतात.

पहिली जागा पहिल्या भागाच्या मध्यावर आहे. बहुतेक ध्वनिमुद्रणांत ती नवव्या-दहाव्या मिनिटाच्या आसपास येते. व्हायोलिनांची ती प्रसिद्ध, हळवी चाल विझत जाते, क्लॅरिनेट ती एकट्याने पुन्हा म्हणतं आणि शेवटचे चार स्वर बसून या खर्जातल्या लाकडी फुंकवाद्याकडे येतात. तिथे चायकोव्हस्कींनी हळू आवाजात वाजवण्याची खूण, म्हणजे ‘पी’ हे अक्षर, एकदा-दोनदा नव्हे, सहा वेळा लिहिलंय. बसूनवर त्या पट्टीत इतकं हळू वाजवणं फार कठीण, म्हणून अनेक कंडक्टर ते चार स्वर बास क्लॅरिनेटला देतात. त्याने जागा मऊ होते, पण बसूनचा तो किंचित खरखरीत, माणसाच्या घशासारखा आवाज हरवतो. हे स्वर संपतात न संपतात तोच पूर्ण वाद्यवृंद एकदम कोसळतो. हा तडाखा कसा पडतो ते ऐका. चांगल्या ध्वनिमुद्रणात त्याच्या आधी शांतता खरोखर असते. वाईट ध्वनिमुद्रणात इंजिनिअरने हळू आवाज आधीच वर ओढून ठेवलेला असतो आणि तडाख्यातली हवाच निघून जाते.

दुसरी जागा दुसऱ्या भागाची. हा पाच मात्रांचा आहे, आणि आपल्याकडच्या श्रोत्याला यात एक सोय आहे. चालीचे गट दोन-तीन, दोन-तीन असे पडतात, म्हणजे दोन मापं मिळून झपतालाचं एक आवर्तन होतं. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना म्हणत बोटांवर मोजा. युरोपातल्या त्या काळच्या श्रोत्यांना हा ‘लंगडा’ वाल्ट्झ (वाल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचं नृत्य) वाटला. झपताल अंगात मुरलेल्याला तो मुळीच लंगडा वाटत नाही. बघायचं इतकंच, की कंडक्टर पाचही मात्रांना सारखा भार देऊन मोजत चाललाय, की दोन आणि तीनचा झोका सापडलाय. झोका सापडला नसेल तर पुढचं फारसं ऐकू नका.

तिसरी जागा शेवटच्या भागाची पहिली काही सेकंदं. इथे चायकोव्हस्कींनी जे केलंय ते कागद पाहिल्याशिवाय पटत नाही. आपल्याला एक उतरती, कण्हल्यासारखी चाल ऐकू येते. पण ती पहिल्या व्हायोलिनांच्या कागदावर नाही, दुसऱ्यांच्या कागदावरही नाही. एक स्वर एका गटाकडे, पुढचा दुसऱ्याकडे, असे ते वाटून दिलेत. कुठलाही एक गट वेगळा ऐकला तर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या ऐकू येतात. दोन्ही एकत्र वाजले की चाल आपल्या कानात तयार होते. पुढे तीच चाल परत येते, तेव्हा ती अख्खी पहिल्या व्हायोलिनांना दिलेली आहे. त्या काळी व्हायोलिनांचे दोन गट मंचावर समोरासमोर, डावीकडे आणि उजवीकडे बसत. विसाव्या शतकात बहुतेक वाद्यवृंदांनी दोन्ही गट डावीकडे आणले आणि ही गंमत पुसली गेली. जिथे जुनी बैठक ठेवलीय तिथे, स्टीरिओवर दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसून ऐका. चाल हवेत दोन्ही बाजूंनी विणली जाताना कळते.

आमची पसंती

पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही येवगेनी म्राविन्स्की आणि लेनिनग्राद फिलहार्मोनिक यांचं १९६० चं, डॉइच ग्रामोफोन कंपनीच्या पिवळ्या लेबलवरचं स्टीरिओ ध्वनिमुद्रण देतो. वाद्यवृंद युरोपच्या दौऱ्यावर असताना ते व्हिएन्नाच्या मुझिकफेराइन सभागृहात झालं. म्राविन्स्की १९३८ पासून १९८८ मध्ये मृत्यू होईपर्यंत याच वाद्यवृंदाचे प्रमुख होते. इतक्या वर्षांच्या घरोब्यामुळे काय होतं ते इथे कळतं. तिसऱ्या भागातल्या भरधाव गतीतही तंतुवाद्यांचा एकेक स्वर सुटा ऐकू येतो. रशियन ब्रासचा (पितळी फुंकवाद्यांचा) तो कडक, थोडा थरथरता आवाज आज जगात फारसा उरलेला नाही. व्हायोलिनं समोरासमोर बसलेली आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, शेवटच्या भागात म्राविन्स्की रडून दाखवत नाहीत. गती चालती राहते, चाल मोडत नाही, आणि म्हणूनच अखेरीस टॅम-टॅमचा (मोठ्या काशाच्या थाळीचा) तो एकच ठोका पडून ट्रॉम्बोन आणि ट्युबा हळूच बोलू लागतात, तेव्हा आवंढा येतो. याच मंडळींचं व्हिएन्नातलंच १९५६ चं मोनो ध्वनिमुद्रणही आहे. तेही उत्तम, पण व्हायोलिनांचं ते विणकाम मोनोत ऐकू येणार नाही, म्हणून १९६० चं.

पिएर मोंतो आणि बॉस्टन सिंफनी, १९५५. स्टीरिओच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं असूनही आवाज ताजा आहे. मोंतोही व्हायोलिनांची जुनी बैठक ठेवत. इथे सगळं मोकळं, उजळ आणि अजिबात न ओढलेलं. दुसऱ्या भागातला झोका आम्हाला यात सर्वांत जास्त आवडतो. ज्यांना म्राविन्स्की फार कठोर वाटतात त्यांनी हे घ्यावं.

विल्हेल्म फुर्टव्हेंगलर आणि बर्लिन फिलहार्मोनिक, १९३८. मुळात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं, त्यामुळे खरखर आहे आणि वाद्यवृंदाचा तळाचा आवाज पातळ. दुसऱ्यांदा घेणाऱ्यासाठी. पहिल्या भागातली ती हळवी चाल इथे जशी थांबत, ओढ घेत पुढे सरकते, तशी नंतर कुणाकडून ऐकायला मिळाली नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या खरखरीसकट ऐकणाऱ्यांना याचा त्रास होणार नाही.

हर्बर्ट फॉन कारायान यांनी ही सिंफनी सात वेळा ध्वनिमुद्रित केली. पहिली १९३९ मध्ये बर्लिनला, शेवटची १९८४ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर. ‘कारायानची पाथेतीक द्या’ म्हणून फोन येतो तेव्हा आम्ही वर्ष विचारतो ते यासाठी. मागच्या बाजूला छापलेलं ध्वनिमुद्रणाचं वर्ष नक्की पाहा. कव्हरवर मोठ्या अक्षरांत तेवढंच नाव असतं आणि आत पंचेचाळीस वर्षांच्या अंतरातलं काहीही निघू शकतं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बर्लिनच्या आवृत्त्यांत तंतुवाद्यांचा आवाज रेशमी आणि तिसऱ्या भागाची ताकद प्रचंड. शेवटचा भाग मात्र आम्हाला त्यांच्याकडून फार देखणा वाटतो.

लिओनार्ड बर्नस्टाईन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, १९८६. सतरा मिनिटांचा शेवट तो हाच. एकूण सिंफनी तासाभराच्या जवळ जाते, इतरांची पंचेचाळीसच्या आसपास संपते. याचे निस्सीम चाहते आमच्या ग्राहकांत आहेत आणि त्यांच्या भावनेचा आम्ही मान राखतो. पण पहिली प्रत म्हणून आम्ही ती देत नाही. दोन गटांत वाटलेले ते स्वर इतके दूर दूर पडतात, की चाल म्हणून ते जुळायला कानाला कष्ट पडतात. इतरांचं ओळखीचं झाल्यावर, रात्री, एकट्याने ऐकण्याची गोष्ट आहे ती.

नव्यांपैकी दोन. तेओदोर कुरेंत्झिस आणि म्युझिकाएतेर्ना, २०१५ चं ध्वनिमुद्रण, बाजारात २०१७ मध्ये आलं. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर यात इतकं टोकाचं आहे, की साध्या स्पीकरवर निम्मं निसटतं. चांगल्या हेडफोनवर ऐका. आम्हाला यात प्रत्येक वळणावर कंडक्टरचा हात जाणवतो, तरी तरुण ग्राहक ज्या ओढीने ते नेतात ती ओढ खोटी नाही. किरिल पेत्रेंको आणि बर्लिन फिलहार्मोनिक, २०१७ च्या मैफलीतलं, हे २०१९ मध्ये आलं. आजच्या आवाजात, न ओरडता, नीट मापात बसवलेलं. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी पहिली प्रत हीच.

मुंबईचे झुबिन मेहता यांचं आहे का, असं आवर्जून विचारलं जातं. आहे. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी चायकोव्हस्कींच्या सहाही सिंफनी केल्या.

घरी ऐकताना

सुरुवात डबल बासच्या खर्जातल्या स्वरांवर एकट्या बसूनने होते. छताचा पंखा पाचवर असेल तर ती ऐकूच येत नाही, आणि मग ग्राहक तबकडीत दोष आहे म्हणून परत आणतात. पंखा दहा मिनिटं बंद ठेवा. आवाज किती ठेवायचा हे त्या सुरुवातीवरून ठरवू नका. आधी पहिल्या भागातला तडाखा लावून पाहा, शेजाऱ्यांना आणि तुम्हाला सोसेल इतका ठेवा, आणि मग पहिल्यापासून सुरू करा.

मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. त्यांची कोणतीही मोठी सिंफनी एकदा समोर बसून ऐका. ट्रॉम्बोन प्रत्यक्षात किती मोठे वाजतात हे कळलं, की ध्वनिमुद्रण निवडणं सोपं जातं.

जुनी एलपी घेणाऱ्यांसाठी

या सिंफनीचे पहिले दोन भाग बहुधा एका बाजूला आणि पुढचे दोन दुसऱ्या बाजूला असतात. म्हणजे शेवटचा विलाप लेबलजवळच्या आतल्या खाचांत येतो. तिथे सुईखालून खाच हळू सरकते, त्यामुळे आवाज फाटण्याची शक्यता तिथेच जास्त, आणि आधीच्या मालकाची सुई झिजलेली असेल तर नुकसानही तिथेच दिसतं. म्हणून वरून चकचकीत दिसणारी तबकडी फसवू शकते. दुसऱ्या बाजूची शेवटची दहा मिनिटं दुकानातच वाजवून पाहा. व्हायोलिनं वर चढताना चिरकली तर ती प्रत घेऊ नका, आम्ही दुसरी काढून देऊ.