आजीचा दागिना घालण्याआधी

आजीचा हार किंवा अंगठी घेऊन आमच्या दागिन्यांच्या दुकानात येणारे बरेच जण जरा दबकतच विचारतात, "हे रोज घातलं तर चालेल ना?" बहुतेक वेळा चालतं. डबीत जपून ठेवलं तरी दोरा कुजतोच, चांदी काळी पडतेच. म्हणून घाला, असंच आम्ही सांगतो. फक्त आधी एकदा तपासून घ्या. सोनं टिकलेलं असतं, पण त्याला धरून ठेवणारे बारीक भाग झिजलेले असू शकतात.

दागिना कानाशी धरून हलकेच हलवा. खडा सैल असेल तर बारीकशी टकटक ऐकू येते. खडा धरणाऱ्या नख्यांवरून सुती कापड फिरवा. धागा अडकला तर नखी उचललेली आहे. अंगठी तळहाताच्या बाजूला पातळ झाली आहे का, साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे खाच पडली आहे का, तेही बघा. कानातल्यांच्या फिरकीवर तर अजिबात विसंबू नका. आटे झिजले की ती घट्ट वाटते आणि नकळत सुटते.

मोत्यांना सगळ्यात जास्त जपावं लागतं. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे घाम आणि अत्तर यांनी त्याची झळाळी जाते. सगळं आवरून झाल्यावर शेवटी घाला, घरी आल्यावर सर्वांत आधी काढा आणि मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा. दोन मोत्यांमध्ये दोरा दिसू लागला असेल तर माळ आधी गाठवून घ्या. प्रत्येक मोत्यानंतर गाठ हवी, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मोती विखुरत नाहीत. पोवळ्यालाही अत्तरापासून असंच जपा.

साधं सोनं कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुता येतं. पाचूचं तसं नाही. त्याच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, म्हणून तो अल्ट्रासॉनिक यंत्रात, म्हणजे ध्वनिलहरींनी दागिने धुणाऱ्या यंत्रात, घालू नये. मागून बंद असलेल्या जुन्या कोंदणात खड्याखाली चमकदार पन्नी असू शकते. तिथे पाणी शिरलं तर खडा काळवंडतो, म्हणून असा दागिना कोरड्या कापडानेच पुसा. चांदी हवाबंद पिशवीत ठेवा, मोती मात्र कापडी पिशवीत. 22 कॅरेट सोन्यात 1000 भागांत 916 भाग शुद्ध सोनं असतं आणि ते मऊ असतं. हिऱ्यासोबत ठेवलं तर त्यावर ओरखडे पडतात.

"चकचकीत करून द्या" म्हणाल तर आम्ही एकदा थांबून विचारू. प्रत्येक वेळी उजळताना थोडा धातू जातो, नक्षी बोथट होते, आणि आजीच्या वापराने गुळगुळीत झालेल्या कडा पुन्हा तशा घडवता येत नाहीत. अंगठी बोटात बसत नसेल आणि आत नाव कोरलेलं असेल, तर ती कापण्याऐवजी साखळीत ओवून गळ्यात घालता येते.

दागिना आमच्याकडे ठेवताना त्याचा फोटो काढून घ्या. वजन तुमच्यासमोर करून पावतीवर लिहू. बदललेला जुना फासा किंवा कडी काम झाल्यावर तुम्हालाच परत देऊ.