मॉर्गन डॉलर: प्रूफ आणि प्रूफलाइक

१८८० सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीतला मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, पहिल्यांदा हातात आला की डोळे दिपतात. पार्श्वभूमी आरशासारखी, तिच्यावर लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, चेहरा दुधट पांढरा. नवखा संग्राहक लगेच ‘प्रूफ’ म्हणून मोकळा होतो. बहुतेक वेळा ते प्रूफलाइक, म्हणजे प्रूफसारखं चमकणारं साधं नाणं असतं.

प्रूफ ही घडणीची पद्धत आहे, चमक हा तिचा परिणाम. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत संग्राहकांसाठी ठसे चकाकवले जात, चांदीची कोरी चकतीही घासूनपुसून घेतली जाई आणि छाप सावकाश, जास्त दाबाने पडे. त्यामुळे कानावरची केसांची बट, गरुडाच्या छातीचं पीसन् पीस उठून दिसतं आणि काठ सपाट, धारदार कोपऱ्याचा येतो. १८८० साली अशी फक्त १,३५५ नाणी निघाली.

प्रूफलाइकचे असे लाड झाले नाहीत. ठसा नुकताच घासलेला होता, म्हणून सुरुवातीच्या नाण्यांवर आरसा उतरला. ठसा वापरात झिजला तशी झळाळी गेली. चकती नेहमीची, यंत्र वेगवान, आणि पुढे हजार-हजार नाण्यांच्या पोत्यात रवानगी. म्हणून लिबर्टीच्या गालावर नाण्यावर नाणं आपटल्याचे ठोके दिसतात. प्रूफवर दिसतात ते बारीक ओरखडे, कुणीतरी हौसेने फडक्याने पुसल्याचे. हे पाहून जीव हळहळतो. नाणं कधीही पुसू नये.

मी आधी नाणं उलटतो. हाराच्या गाठीखाली टाकसाळीची खूण, म्हणजे ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्को), ‘ओ’ (न्यू ऑर्लिन्स) किंवा ‘सीसी’ (कार्सन सिटी) असेल, तर प्रूफची आशा जवळजवळ सोडावी. शाखा-टाकसाळींची प्रूफ नाणी आहेत, पण फारच थोडी. खूण नसेल तर नाणं फिलाडेल्फियाचं, पण साधी नाणीही तिथेच पडत. मग निकाल काठावर आणि बारकाव्यांवर लागतो.

खरी जोखीम १८९५ च्या नाण्यात. त्या वर्षी फिलाडेल्फियात ८८० प्रूफ नाणी निघाली. साध्या १२,००० नाण्यांची नोंद सापडते, पण त्यातलं एकही खात्रीचं नाणं समोर आलेलं नाही. म्हणून लबाड लोक त्याच सालच्या ‘ओ’ किंवा ‘एस’ नाण्यावरची खूण खरवडतात आणि ते नाणं फिलाडेल्फियाचं म्हणून विकतात. भिंगाखाली गाठीखालची जागा तिरप्या उजेडात पाहा. तिथली झळाळी आजूबाजूपेक्षा वेगळी वाटली, तर नाणं खाली ठेवा.