ओव्हरले म्हणजे आखूड बॅकिंग नव्हे

"धनुष्याच्या भुजेच्या मध्यावर पाठीची ढलपी उचललीय, तिथे शिसवीचा ओव्हरले चिकटवला तर चालेल का?" नाही चालणार. "टोकाला ओव्हरले लावायचा तर पाठीवरचं लाकडाचं वाढीचं वलय कापावं लागेल. मग धनुष्य मोडणार नाही का?" नाही मोडणार. लाकडी धनुष्य बनवणाऱ्या नवख्यांकडून हे दोन प्रश्न आलटून पालटून येत राहतात आणि दोन्हींची मुळं एकाच घोळात आहेत. ओव्हरले आणि बॅकिंग या दोन्ही गोष्टी पाठीवरच चिकटवायच्या, म्हणून त्या एकाच जातीच्या, असं लोक धरून चालतात.

बॅकिंग बहुतेकांना ठाऊक असतं. धनुष्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ओढताना ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूची पट्टी, हिकरीचं चिवट लाकूड, कच्चं चामडं किंवा स्नायूंचे धागे चिकटवले की त्या ताणात ढलपी उचलण्याचा धोका कमी होतो. ओव्हरले म्हणजे फक्त टोकावर बसवलेला कठीण लाकडाचा, शिंगाचा किंवा मायकार्टाचा (राळेत मुरवलेल्या कापडाच्या थरांचा कडक पदार्थ) चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा. लांबीतला फरक कुणालाही दिसतो, पण घोळ लांबीचा नाहीच.

खरा प्रश्न आहे तो भाग वाकतो की नाही, हा. दोरी जिथे अडकते तिथे भुजेला वाकवणारा जोर जवळजवळ शून्य असतो आणि मुठीकडे यावं तसा तो वाढत जातो. त्यात टोकाचे दहा-बारा सेंटिमीटर आपण मुद्दामच ताठ ठेवतो. म्हणून "पाठीचं एकच वलय अखंड राखा, त्याला कानस लावू नका" हा नियम वाकणाऱ्या भागाचा आहे. टोकाला तो लागू नाही. तिथे पाठ बिनधास्त सपाट करा. करायलाच हवी, कारण गोलसर पाठीवर सपाट तुकडा बसत नाही. वलय वाचवण्यासाठी ओव्हरलेच खालून खोलगट कोरत बसणारे लोक आहेत. त्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण त्याची काही गरज नाही.

आता हाच न्याय उलटा लावा. भुजेच्या मध्यावर चिकटवलेला ताठ तुकडा वाकत नाही. त्याच्या वाट्याचं वाकणं त्याच्या दोन्ही कडांवर गोळा होतं आणि धनुष्य तिथेच मोडतं. ढलपी उचललीच असेल तर पातळ सुपरग्लू आत मुरवा, वरून दोऱ्याने घट्ट वेटाळा आणि धनुष्याची ताकद उतरवा. ठिगळ नको.

ही दोन कामं किती वेगळी आहेत ते जुन्या इंग्लिश लाँगबोवर, म्हणजे लांब लाकडी धनुष्यावर, दिसतं. यू लाकडात बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं आणि आतलं गडद लाकूड दाब, म्हणजे बॅकिंग झाडानेच दिलेलं. तरीही टोकांवर शिंगाच्या टोप्या बसवत, कारण यू मऊ आहे, दोरी त्यात रुतते. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्याच्या अवशेषांत शंभरावर धनुष्यं मिळाली, पण टोप्या जवळपास सगळ्या कुजून गेल्या होत्या. आज फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी वापरणार असाल तर टोकाला कठीण ओव्हरले हवाच, बॅकिंग असो वा नसो.

चिकटवण्यातले फरक यातूनच निघतात. बॅकिंग प्रत्येक खेचीला वाकतं, आणि दीड मीटरभर गोंद पसरून क्लॅम्प लावायला वेळही हवा. तिथे सुपरग्लूचं काम नाही. ओव्हरलेला मात्र सुपरग्लू चालतो, जर सांधा बिनफटीचा असेल तर. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही पृष्ठं घासा आणि उजेडाकडे धरून बघा. मला स्वतःला सावकाश वाळणारा इपॉक्सीच आवडतो. तो क्लॅम्पने करकचून आवळू नका, सगळा बाहेर निघून जातो. शिंग किंवा तेलकट लाकूड असेल तर आधी खरवडा आणि ॲसिटोनने पुसा.

आकार देताना मुठीकडची कड महत्त्वाची. ती उतरती करत करत पाठीत विरून गेली पाहिजे. पायरी राहिली तर ताण तिथे साठतो आणि सांधा तिथूनच उखडू लागतो. दोरी अडकवायची खाच गोल कानशीने करा, दोरीच्या दिशेने तिरकी, आणि तिच्या कडा गोल करा. नाहीतर दोरी कापली जाते. खाच ओव्हरलेतच ठेवा, खालच्या पाठीत उतरवू नका. पट्ट्याचं सँडर मी या कामाला वापरू देत नाही, कारण घर्षणाने तापून इपॉक्सी मऊ होतो. हाताची कानस, अर्धा तास, झालं.

तीन रंगांचे थर रचून केलेले जाडजूड ओव्हरले फोटोत छान दिसतात, पण टोकावरचा प्रत्येक ग्रॅम बाणाचा वेग खातो आणि सोडताना हाताला जास्त हादरा देतो. जास्तीचं सगळं घासून काढा, तेही टिलरिंग (भुजा नीट वाकाव्यात म्हणून थोडं थोडं लाकूड काढणं) संपायच्या आत. टोक हलकं झालं की तेवढ्याने बाक बदलत नाही, पण टोक ताठ आहे की अजून बारीक करता येईल, हे मात्र तेव्हाच नीट कळतं.