फुगलेलं बी जिवंत असतंच असं नाही

जून लागला की बालाघाटच्या डोंगरांवर बीजगोळे टाकायला पोरं निघतात. मला त्याचा फार आनंद होतो. पण दरवर्षी एक सल्ला ऐकू येतो: बी रात्रभर भिजत घाला, फुगेल ते जिवंत, न फुगेल ते फेकून द्या. हा सल्ला दोन्हीकडून चुकतो.

यंदा अंबाजोगाईला घरी मी दोन वाट्या मांडल्या. एकीत या उन्हाळ्यात वेचलेलं करंजाचं बी, दुसरीत तीन वर्षं डब्यात पडलेलं. सकाळी दोन्हीकडचं बी सारखंच टम्म. फरक पाण्यात होता. जुन्या बियांचं पाणी गढूळ, पिवळट, बोटाला चिकटणारं.

पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, त्याला कुठे जीव असतो? कोरड्या बियांतली प्रथिनं आणि पिष्टही पाणी तसंच ओढतात. जिवंतपणा दिसतो तो पेशीच्या पातळ पटलात. वाळताना विस्कटलेलं हे पटल पाणी मिळताच सावरतं. मेलेल्या पेशीत ते सावरत नाही आणि साखर, अमिनो आम्लं, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. बियाणं प्रयोगशाळेत याच पाण्याची विद्युतवाहकता मोजून बियांचा जोम तपासतात.

फुगल्यावर बी बाहेरून थांबल्यासारखं दिसतं. आत मात्र श्वसन सुरू होतं, डीएनएची डागडुजी होते, आईच्या झाडावरच लिहून ठेवलेल्या आरएनएवरून नवी प्रथिनं बनू लागतात. यासाठीची ऊर्जा जवळच्या थोड्याशा साखरेतून येते. मुळी बाहेर पडली की करंजाच्या तेलाचा साठा फुटतो, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे घडते.

तेल पाण्यातून मुळीपर्यंत वाहून नेता येत नाही, साखर नेता येते. म्हणून तेलाची साखर करावी लागते. आपल्या शरीराला चरबीतल्या मेदाम्लांपासून साखर करता येत नाही, कारण मेदाम्लांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे क्रेब्ज चक्रात, म्हणजे पेशीत अन्न जाळून ऊर्जा काढणाऱ्या साखळीत, शिरले की तेवढेच दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. ज्या दोन पायऱ्यांवर हा कार्बन निघून जातो, त्या टाळून बी आडवाटेने जातं. आयसोसायट्रेट लायेज हे विकर (एन्झाइम) त्याच चक्रातल्या सहा कार्बनच्या आयसोसायट्रेटचे चार कार्बनचं सक्सिनेट आणि दोन कार्बनचं ग्लायऑक्सिलेट असे तुकडे करतं. मॅलेट सिंथेज हे दुसरं विकर त्या ग्लायऑक्सिलेटला दोन कार्बनचा आणखी एक तुकडा जोडून मॅलेट बनवतं. त्या दोन पायऱ्यांवरचा कार्बन वाचतो, म्हणून पुढे साखर तयार होते. १९५७ मध्ये कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स या शास्त्रज्ञांनी एरंडाच्या बियांत ही वाट दाखवली.

अमावास्येला भिजवलेलं बी उगवत नाही, असंही आमच्याकडे सांगतात. या विकरांना पाणी, ऊब आणि प्राणवायू लागतो. तिथीचा त्यात काहीही संबंध नाही.

आता न फुगणाऱ्या बियांचं. बाभूळ, बहावा यांच्या कवचात दाटीने उभ्या पेशींची भिंत असते, पाणी आत शिरतच नाही. असं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. शेळीच्या पोटातून गेलं, घासलं गेलं किंवा गरम पाण्यात पडलं की कवच सैल होतं.

मराठवाड्यात पहिल्या पावसानंतर खंड पडतो, तेव्हा हेच कवच कामाला येतं. भिजलेलं बी मुळी फुटण्याआधी पुन्हा वाळलं तर बहुतेकदा तगतं, मुळी फुटल्यावर वाळलं तर मरतं. म्हणून रोपवाटिकेत, जिथे रोज झारीने पाणी मिळतं, तिथलं बाभळीचं बी मी गरम पाण्यात घालतो. डोंगरावरच्या गोळ्यांत मात्र ते कोरडंच भरतो. काही यंदा उगवेल, काही पुढच्या पावसाला.